बंब आणि १०८ : एकाच घटनेवर येणाऱ्या दोन गाड्यांबद्दल

रेटिंग आधी सांगते. १०८ रुग्णवाहिका : पाचपैकी चार. आमच्या नगर परिषदेचं अग्निशमन दल : साडेतीन, आणि त्यातले तीन तिथल्या जवानांचे. या दोघांचा एकमेकांशी असलेला संबंध : पाचपैकी एक. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः या शेवटच्या आकड्याबद्दल आहे.

मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स होते. नोकरीची बरीचशी वर्षं कॅज्युअल्टीत गेली, आता निवृत्त आहे. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी. एका अंगाला जेटी, दुसऱ्या अंगाला आंबा-काजूच्या बागा आणि मधून महामार्गाला जाऊन मिळणारा घाटरस्ता. तालुक्याचं नाव लिहीत नाही. एका नगर परिषदेला किंवा एका गाडीला नावं ठेवायला मी बसलेले नाही. माझ्याबरोबर ट्रेनिंग केलेल्या मैत्रिणी श्रीवर्धनपासून देवगडपर्यंत पसरल्यात, त्यांच्याशी बोलले तरी हेच ऐकायला मिळतं.

१०८ बद्दल आधी चांगलं सांगते, कारण ते खरं आहे. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. त्याच्या आधी आमच्याकडे अपघाताचा रुग्ण यायचा तो टेम्पोच्या हौद्यातून नाहीतर वडापच्या जीपमधून. कुणीतरी मांडीवर डोकं घेतलेलं असायचं, मान एका बाजूला लोंबत असायची. मणक्याला इजा असेल तर ती वाटेतच वाढायची. सुरुवातीला राज्यभर ९३७ गाड्या आल्या. त्यांतल्या २३३ मध्ये व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर होते आणि ७०४ साध्या, म्हणजे ऑक्सिजन, सक्शन, स्ट्रेचर असलेल्या. त्यातली मोठी गोष्ट अशी की प्रत्येक गाडीत डॉक्टर. फोन पुण्याला लागतो, तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. आमच्याकडच्या लोकांना आधी ते पटायचं नाही. पुण्यात बसलेल्या माणसाला आमच्या घाटातलं तिसरं वळण कसं कळणार, असं म्हणायचे. पण गाडी यायला लागली, तसा विश्वास बसला. आता गावातली म्हातारी माणसंसुद्धा ‘एकशे आठ लावा’ असंच म्हणतात. एक स्टार कापला तो रस्त्यांसाठी. रुग्ण जिल्हा रुग्णालयात पोचवायला गाडी गेली की तेवढा वेळ तालुका रिकामा राहतो, त्यासाठीही. आतल्या डॉक्टरांना आणि पायलटांना, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरांना, मी पूर्ण मार्क देते.

बंबाचं गणित वेगळं आहे. अग्निशमन हे घटनेच्या बाराव्या अनुसूचीतलं काम, म्हणजे नगरपालिकांकडे सोपवायच्या कामांच्या यादीतलं. त्यामुळे ज्या गावाला नगर परिषद नाही, त्याला स्वतःचा बंब नाही. शहरातला येईल, नाहीतर एमआयडीसीचा येईल. येतो तेव्हा तो तीस-पस्तीस किलोमीटर घाट चढून-उतरून येतो, पोटात पाणी भरलेलं असताना. आमच्याकडच्या काही जवानांनी मुंबईत कलिनाच्या महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीत कोर्स केलाय, बाकीचे त्यांच्या हाताखाली शिकलेत. कामाला वाघ आहेत. विहिरीत पडलेलं जनावर काढायला, पुरात अडकलेली म्हातारी काढायला, रस्त्यावर पडलेला वड तोडायला तेच. जीपभर माणसं, एक-दोन गाड्या, आणि तालुका एवढा मोठा. अर्धा स्टार नगर परिषदेला देते, कारण त्यांनी चेपलेल्या गाडीचा पत्रा कापायला-फाकवायला हायड्रॉलिक कटर आणि स्प्रेडर घेतलाय आणि तो चालू ठेवलाय. सगळीकडे तेवढंही नाही.

आता मुद्द्याचं.

एका मार्चमध्ये वणवा लागला. इकडे मार्च-एप्रिलमध्ये डोंगरावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, कुठून तरी ठिणगी पडते आणि वारा असला की बागाच्या बागा जातात. लोक टहाळे घेऊन झोडपतात, शेतकरी कडेचं गवत आधीच जाळून पट्टा मोकळा करतात. त्या दिवशी तेही पुरं पडलं नाही. बंबाला वर्दी गेली. बागेतला राखणदार, साठीचा माणूस, मांगरात, म्हणजे बागेतल्या झोपडीत, शिरला. आत पेटाऱ्यांची रास होती, पेंढा होता आणि त्याची शेळी होती. शेळी सुटली, तो आत राहिला. जवानांनी त्याला बाहेर ओढलं.

आमच्या आवारात बंबाचा भोंगा वाजला तेव्हा आम्हाला वाटलं, रुग्णालयाच्याच स्टोअरला आग लागली. धावत बाहेर आले तर चौघे जण त्याला ताडपत्रीच्या झोळीत घालून आणत होते. बंबावर स्ट्रेचर नव्हता. येताना त्याला केबिनमधल्या बाकावर आडवा घातला होता आणि एक जवान खाली गुडघ्यांवर बसून त्याचं डोकं धरून आला होता, पाऊण तास, घाटातून. मला म्हणाला, “सिस्टर, ह्यांचा आवाज बदललाय. निघालो तेव्हा असा नव्हता.”

त्या पोराला कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याने नेमकं तेच टिपलं जे टिपायला हवं. रुग्णाच्या नाकपुडीत काजळी होती, नाकातले केस होरपळले होते आणि आवाज घोगरा झाला होता. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर समजायचं की श्वासाची वाट आतून भाजलीय आणि ती सुजत जाणार. अंगावर भाजल्याच्या खुणा थोड्या दिसतात म्हणून अशा रुग्णाला बाकावर बसवून ठेवलं तर दोन तासांनी नळी घालायलाही जागा उरत नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९८. आमची नवीन सिस्टर खूश झाली. मी तिला म्हटलं, धुरातून आलेल्या माणसाच्या त्या आकड्यावर जाऊ नकोस. कार्बन मोनॉक्साईड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि ते साधं यंत्र त्यालाही ऑक्सिजनच समजतं. साध्या हवेत तो वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, पिशवीच्या मास्कने पूर्ण ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात काम होतं. म्हणजे पहिला पाऊण तास फुकट घालवायचा नसतो.

तो फुकट गेला. बंबात सिलिंडर होते, ते खरं. लोकांना वाटतं, जवानांच्या पाठीवर असतो तो ऑक्सिजन. तसं नाही. त्या पाठीवरच्या बी. ए. सेटमध्ये, म्हणजे श्वास घ्यायच्या संचात, दाबून भरलेली साधी हवा असते, आगीच्या ठिकाणी ऑक्सिजन घेऊन जाणं तर धोक्याचंच. रुग्णाला द्यायचा ऑक्सिजन, त्याचा मास्क, दाबून श्वास द्यायचा फुगा, यातलं काहीच बंबावर नव्हतं. आणि ज्या गाडीत हे सगळं होतं ती, म्हणजे १०८, त्या वेळी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात उभी होती. तिला कुणी बोलावलंच नव्हतं. वर्दी आगीची होती, रुग्णाची नव्हती. डॉक्टरांनी लगेच हालचाल केली, नळी घालून त्याला रत्नागिरीला हलवलं. माणूस वाचला, पुढच्या हंगामात बागेत दिसला. मी त्या घटनेला यश म्हणत नाही. त्याचं नशीब बलवत्तर होतं आणि एका जवानाचे कान तिखट होते.

आणखी एक गोष्ट त्या दिवसाची. राखणदार आत गेला, धावपळ झाली, केसपेपर झाला. आणलेले चौघे बाहेर पायरीवर बसून खोकत होते. त्यांतला एक सारखा कपाळ दाबत होता. धुरानंतरची डोकेदुखी ही साधी डोकेदुखी नसते. मी त्यांना आत घेतलं, ऑक्सिजन लावला, तर ते उठायलाच बघत होते. “आम्ही पेशंट नाय ओ सिस्टर, पाणी भरायला जायचंय अजून, वरच्या अंगाला पेटतंय.” त्यांचा केसपेपर मी हट्टाने काढायला लावला. जिथे ही कामं नीट चालतात तिथे मोठ्या आगीवर रुग्णवाहिका आधीपासून उभी असते, आणि ती जशी जळालेल्यांसाठी असते तशीच जवानांसाठीही असते. आपल्याकडे १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दर वर्षी फुलं वाहतो, भाषणं होतात. त्या आठवड्यात प्रत्येक स्टेशनवरच्या जवानांची साधी छातीची तपासणी झाली तर मला जास्त बरं वाटेल.

दुसरी घटना एका छोट्या कारखान्यातली. नाव नको. पंचविशीचा मुलगा, अंगावर ॲसिड सांडलेलं. या वेळी रुग्णवाहिका झटपट गेली, झटपट घेऊन आली, डॉक्टरांनी गाडीत होत्या तेवढ्या सलाइनच्या बाटल्या त्याच्यावर ओतल्या. त्यांनी हातात होतं ते सगळं केलं. पण आमच्याकडे आला तेव्हा त्याची पँट अजून ओली होती, बेल्टच्या खाली कापड कातडीला चिकटलं होतं. मी आणि वॉर्डबॉय मामांनी कात्रीने कपडे कापले, त्याला बाथरूममध्ये स्टुलावर बसवून नळाखाली धरला. तो ओरडत होता आणि मी घड्याळाकडे बघत होते, कारण वीस मिनिटं म्हणजे वीसच मिनिटं. पाणी थांबवायचं नाही. ॲसिड अंगावर आहे तोवर ते आत जातच राहतं, दवाखाना किती जवळ आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. अशा रुग्णाला जागच्या जागी धुणं हाच पहिला उपचार. (कोरडी पूड असेल, चुन्यासारखी, तर मात्र आधी झटकायची आणि मग धुवायचं.)

हे मनाला फार लागलं, कारण नंतर कळलं की बंब तिथे हजर होता. हजारो लिटर पाणी घेऊन. तो टाकीवर पाणी मारत होता, ते त्याचं काम. रुग्णवाहिका गेटवर होती, रुग्ण उचलणं तिचं काम. रुग्णाला पाण्याखाली धरणं हे कुणाच्या कामात लिहिलेलं नव्हतं. होजची एक शाखा कमी दाबाने सोडून, दोन जवान आणि एक डॉक्टर वीस मिनिटं एकत्र उभे राहिले असते, तर त्या मुलाच्या मांडीवरची किती कातडी वाचली असती याचा हिशेब मी अजून मनात करते. लोटे-परशुरामपासून महाडपर्यंत आपल्याकडे रसायनांचे कारखाने आहेत. एमआयडीसीची अग्निशमन केंद्रं आहेत, कारखान्यांचे सेफ्टी शॉवर आहेत. तरी सुट्टीच्या दिवशी, रात्रीच्या पाळीला, रस्त्यावर टँकर उलटल्यावर शेवटी हे दोघेच असतात.

टँकर म्हटलं की वाऱ्याबद्दल सांगायला हवं. हातखंब्याजवळ गॅसचा टँकर उलटल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. अशा जागी रुग्णवाहिका उभी करायची ती वाऱ्याच्या वरच्या अंगाला, उंचावर, लांब. एलपीजी हवेपेक्षा जड, तो सखल भागात उतरतो, गटारातून वाहत जातो. चालू इंजिनची एक ठिणगी पुरते. किती लांब आणि कुठल्या अंगाला, हे सांगायचं कुणी? ज्याला गॅस मोजता येतो त्याने, म्हणजे फायर ऑफिसरने. किनाऱ्यावर यात आणखी गुंता आहे. सकाळपर्यंत मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे, दुपारी खारे वारे उलटे. सकाळी सात वाजता बरोबर जागी लावलेली रुग्णवाहिका दुपारी बारा वाजता चुकीच्या जागी असते, एक इंचही न हलता. हे नाखव्यांना पाठ आहे. बंब आणि रुग्णवाहिका यांनी एकमेकांना सांगायची तेवढी सोय हवी, आणि नेमकी तीच नाही.

घाटातल्या अपघातांबद्दल थोडक्यात. डंपर आणि मोटार समोरासमोर. रुग्णवाहिका आधी पोचते, हे आपल्या सेवेचं यशच. ड्रायव्हरचा पाय डॅशबोर्डखाली. डॉक्टर त्याला सलाइन लावतो, मान धरतो, आणि मग सगळे मिळून वाट बघतात, कारण कटर बंबावर आणि बंबाला फोन आत्ता जातोय. अशी वाट बघणारे डॉक्टर मी पुढे कॅज्युअल्टीत बघितलेत, घामाने भिजलेले आणि गप्प. उलटही होतं. गावकरी जेसीबी लावून पाय मोकळा करतात आणि रुग्ण तिथेच कोसळतो. बराच वेळ चेपलेला पाय अचानक सुटला की स्नायूंत साठलेलं पोटॅशियम रक्तात धावतं आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून सोडवण्याआधी सलाइन जायला हवं, मॉनिटर लागायला हवा. पत्रा कापणारा आणि नाडी धरणारा एकाच वेळी एकाच दरवाजाशी हवेत, इतकं हे सरळ आहे.

मग होत का नाही? माणसं वाईट आहेत म्हणून नाही. मालक दोन आहेत. १०८ सार्वजनिक आरोग्य विभागाची, बंब नगर परिषदेचा. त्याशिवाय गरोदर माता आणि बाळांसाठी १०२, महामार्गाची १०३३, आणि नाणीजच्या संस्थानाच्या रुग्णवाहिका महामार्गावर मोफत धावतात त्या वेगळ्या. (त्यांनी वाचवलेली माणसं मी स्वतः आत घेतलीत, त्यांचे उपकार आहेत.) एकाचा फोन पुण्याला, एकाचा शहरातल्या स्टेशनच्या टेबलावर. आता ११२ आलाय, पोलीस, आग, रुग्णवाहिका सगळ्यांसाठी एक नंबर म्हणून. कल्पना योग्य आहे. पण निरोप एका खात्याकडून दुसऱ्याकडे पोचणं वेगळं आणि दोन गाड्या एकदम निघणं वेगळं. गंमत बघा, मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात बंबाला किंवा रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. वाट अडवणाऱ्यासाठी कायद्याने दोघांना एका ओळीत बसवलं. काम करायला मात्र ते वेगवेगळ्या फायलींत आहेत.

बाहेर वेगवेगळ्या तऱ्हा आहेत. जपानमध्ये ११९ हा एकच नंबर आणि रुग्णवाहिका फायर स्टेशनचीच. हाँगकाँगमध्येही रुग्णवाहिका अग्निशमन खात्याच्या. पॅरिसचे अग्निशामक लष्कराचे, मार्सेय बंदरातले नौदलाचे, आणि ते दोघेही आगीइतकेच, खरं तर आगीपेक्षा जास्त, रुग्णांसाठी धावतात. इंग्लंडमध्ये मात्र रुग्णवाहिका आरोग्य सेवेकडे, बंब वेगळा. न्यूयॉर्कने १९९६ साली रुग्णवाहिका सेवा अग्निशमन खात्यात विलीन केली, तरी तिथल्या रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना जवानांपेक्षा पगार कमी, ही तक्रार अजून मिटलेली नाही. म्हणून ‘दोन्ही खाती एक करा’ असं कुणी म्हटलं की मी सावध होते. शिवाय तिकडची गोष्ट इकडे जशीच्या तशी लागू होत नाही. अमेरिकेतल्या शहरांत फायर स्टेशन्स जवळजवळ, त्यामुळे बंब आधी पोचतो आणि जवान उपचार सुरू करतात. आमच्या तालुक्यात नेमकं उलटं, रुग्णवाहिका आधी आणि बंब उशिरा. म्हणजे आमच्याकडे १०८ च्या माणसांना बंबाची भाषा यायला हवी : काय अडकलंय, काय गळतंय, कटर लागेल की दोर, पाणी हवं की फोम. आणि बंबावरच्या माणसांना उशिरा पोचल्यावर किंवा एकटेच पोचल्यावर रुग्ण धरता यायला हवा.

हे जमणार नाही असं ज्यांना वाटतं त्यांना मी माझ्या भाच्याचं उदाहरण देते. तो जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. कोकणातल्या प्रत्येक गावात असा एक तरी असतो. जहाजावर पाय ठेवण्याआधी प्रत्येक खलाशाला एसटीसीडब्ल्यूचं, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, जे मूलभूत प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्यात आग विझवणं आणि प्रथमोपचार दोन्ही असतात. स्वयंपाकी असो नाहीतर कप्तान. मस्टर लिस्ट भिंतीवर लावलेली असते, कुणी होज धरायचा, कुणी बी. ए. सेट घालून आत जायचं, कुणी स्ट्रेचर घेऊन उभं राहायचं. दर महिन्याला ड्रिल. भाचा म्हणतो, “मावशी, आमच्या इथे आत गेलेल्या माणसाला बाहेर काढणारा आणि बाहेर आल्यावर बघणारा एकमेकांना नावाने ओळखतात.” भर समुद्रात वीस-बावीस माणसं जे करतात, आणि त्यात अर्धी मुलं आमच्याच किनाऱ्यावरची, ते जमिनीवर तालुक्याच्या ठिकाणी का होऊ नये?

दर वर्षी मे महिन्यात तहसील कार्यालयात मान्सूनपूर्व बैठक होते. निवृत्त झाल्यावरही मी मुद्दाम जाते. प्रत्येक खातं आपला कागद वाचतं : बोटी किती, लाइफ जॅकेट किती, औषधसाठा किती, बंब किती. सगळं बरोबर असतं. मी दोनदा उठून विचारलंय की बंबाचा जवान आणि १०८ चा डॉक्टर शेवटचे एकत्र कधी उभे राहिले. उत्तर कागदावर नव्हतं. माझी मागणी मोठी नाही. आग, गॅस, रसायन, दरड, इमारत पडणं, गाडीत अडकलेला माणूस, बुडणारा माणूस, यांतलं काहीही असलं तर फोन कुठेही लागो, दोन्ही गाड्या एकाच वेळी निघाव्यात. गरज नसली तर परत फिरतील, डिझेल जाईल. बंबावर एक घडीचा स्ट्रेचर, रुग्णासाठीचा ऑक्सिजन, फुगा, मानेचा पट्टा आणि भाजलेल्यांसाठी स्वच्छ चादरी ठेवाव्यात. बंबाच्या किमतीपुढे हे काहीच नाही. आणि पावसाच्या आधी एक दिवस घाटात, एक दिवस जेटीवर, दोघांचा एकत्र सराव व्हावा, मच्छीमार सोसायटीच्या पोरांना आणि आपदा मित्रांना, म्हणजे आपत्तीसाठी शिकवलेल्या स्वयंसेवकांना, घेऊन. धोक्याच्या रेषेच्या आत फायर ऑफिसर सांगेल ते, रेषेबाहेर डॉक्टर सांगेल ते, एवढं एकदा ठरलं की निम्मा गोंधळ मिटतो. २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी भरलं, त्याच दिवशी महाडजवळच्या तळियेत डोंगर उतरला. अशा दिवशी ओळख करून घ्यायला वेळ नसतो.

आता तो एक स्टार कशासाठी, तेही सांगते. आमच्या तालुक्यातल्या जवानांनी आणि १०८ च्या डॉक्टर-पायलटांनी मिळून आपणहून एक व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय. कुणाचा आदेश नाही. घाटात अपघात झाला की पायलट निघता निघता एक ओळ टाकतो, ‘माणूस अडकलाय’, आणि स्टेशनवर बंब सुरू होतो. मागच्या पावसात अशाच एका ओळीमुळे कटर आणि डॉक्टर जवळजवळ बरोबरच पोचले. मुलीचा पाय राहिला. मी त्या मुलांना भेटून आले, लाडू घेऊन गेले. पण फोनवरचा ग्रुप हा फोन चालू आहे तोवर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात कितीतरी गावांत अनेक दिवस ना वीज होती ना रेंज. तेव्हा ग्रुपही नाही, १०१ ही नाही, १०८ ही नाही. दोन्ही गाड्यांवर एकमेकांशी बोलणारा वायरलेस सेट असायला हवा, आणि तो देणं हे मुलांच्या हातात नाही, वरच्यांच्या हातात आहे. तो बसला की मी रेटिंग वाढवीन.

तोवर फोन करणाऱ्यांनी एवढं करा. दोघे जण असाल तर एकाने १०८ लावा, दुसऱ्याने १०१ किंवा शहरातल्या फायर स्टेशनचा थेट नंबर. तो आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा, मोबाइलवरून १०१ सगळीकडे नेमक्या स्टेशनला लागतोच असं नाही. एकटे असाल तर ११२ लावा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की माणूस अडकलाय का, आग आहे का, कसला वास येतोय का. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती सोडा, २०१९ च्या दुरुस्तीत त्याला कायद्याचं संरक्षण आहे. भाजलेल्यावर टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका, वीस मिनिटं वाहतं साधं पाणी, बर्फ नाही. आणि फाट्यावर एक माणूस उभा करा, रात्र असेल तर हातात बॅटरी देऊन. जी गाडी आधी येईल तिला त्याने विचारायचं, दुसरीला कळवलंय का. नसेल कळवलं तर तिथूनच फोन लावायचा.